दोघांनाही ६३, दोघांनाही ब-२: पाचवीच्या गणिताचं एक प्रकरण

मराठवाड्यातल्या ऊसतोड मजुरांच्या एका गावातली जिल्हा परिषदेची शाळा. वर्ग पहिली ते पाचवी, शिक्षक तीन. चौथी आणि पाचवी एकाच खोलीत, एकाच बाईंकडे. चौथीत १७ मुलं, पाचवीत १४. शैक्षणिक वर्ष २०२३-२४, पहिलं सत्र संपलेलं. पाचवीच्या निकालपत्रकात गणिताच्या रकान्यात एका मुलीपुढे ६३ आणि एका मुलापुढेही ६३. दोघांची श्रेणी ब-२. मुलांची नावं, गाव आणि शाळा इथे देत नाही. मी तालुक्याच्या गट साधन केंद्रात गणिताचा विषय साधनव्यक्ती आहे, म्हणजे शाळाशाळांत जाऊन गणिताच्या शिक्षकांना मदत करणारा. जानेवारीत शाळाभेटीला गेलो तेव्हा बाईंनीच हे दोन कागद पुढे केले आणि म्हणाल्या, "सर, ही दोघं सारखी आहेत असं माझीच वही म्हणते, आणि मला तर ते पटत नाही."

गुणांची फोड अशी होती.

मुलगी. आकारिक (वर्षभर वर्गात चालणारं मूल्यमापन) ५० पैकी ४३: तोंडी काम ९, कृती ९, प्रकल्प १०, चाचणी ५, स्वाध्याय १० (प्रत्येकी १० पैकी). संकलित (सत्राच्या शेवटची परीक्षा) ५० पैकी २०: तोंडी १० पैकी ८, लेखी ४० पैकी १२.

मुलगा. आकारिक ५० पैकी २५: तोंडी काम ५, कृती ५, प्रकल्प २, चाचणी ८, स्वाध्याय ५. संकलित ५० पैकी ३८: तोंडी ४, लेखी ३४.

बेरीज दोन्हीकडे ६३. बेरीज चुकलेली नाही, नियमही मोडलेला नाही.

ज्यांचा शाळेशी रोजचा संबंध नाही त्यांच्यासाठी नियम थोडक्यात. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि त्यात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. महाराष्ट्राने त्यासाठी २० ऑगस्ट २०१० रोजी शासन निर्णय काढला. त्याप्रमाणे वर्षभर चालणाऱ्या आकारिक मूल्यमापनाचा आणि सत्राच्या शेवटच्या संकलित मूल्यमापनाचा भार इयत्तेनुसार बदलतो. पहिली-दुसरीला ७०-३०, तिसरी-चौथीला ६०-४०, पाचवी-सहावीला ५०-५०, सातवी-आठवीला ४०-६०. लहान मुलाला लेखी परीक्षेत अडकवू नये, मोठं होईल तसा लेखीचा वाटा वाढावा, हा त्यामागचा विचार, आणि तो मला आजही पटतो. आकारिकसाठी आठ साधन-तंत्रं दिली आहेत: दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम किंवा कृती, प्रकल्प, छोटी चाचणी, स्वाध्याय, आणि स्वयंमूल्यमापन-गटकार्य वगैरे इतर. त्यातली कोणती घ्यायची आणि कशाला किती गुण द्यायचे हे बरंचसं शिक्षकाने ठरवायचं. दोन्हींची बेरीज शंभर, आणि त्यावरून श्रेणी. ९१ पासून वर अ-१, ६१ ते ७० ब-२, ३३ ते ४० ड, त्याखाली ई-१ आणि ई-२. मूल तळच्या श्रेणीत गेलं तर त्याला जादा मार्गदर्शन करून वर आणायचं.

म्हणजे धोक्याची घंटा वाजते ती तळच्या श्रेण्यांना. ही दोघं ६३ वर होती. कुणासाठीच घंटा वाजणार नव्हती.

डिसेंबरमध्ये काय बदललं

ही चर्चा एरवी चहाबरोबर संपली असती. पण डिसेंबर २०२३ मध्ये पाचवी आणि आठवीच्या वार्षिक परीक्षेचा शासन निर्णय आला. पाचवीला प्रत्येक विषयाची ५० गुणांची परीक्षा, किमान ३५ टक्के म्हणजे १८ गुण हवेत. नापास झालं तर पुनर्परीक्षा, त्यातही नापास झालं तर मूल त्याच वर्गात. आठवीपर्यंत कुणाला मागे ठेवायचं नाही ही दहाबारा वर्षांची सवय होती. तोवर अर्धं वर्ष सरलं होतं.

आता मुलीचे आकडे पुन्हा पाहा. पहिल्या सत्रात संकलितचे २०. उत्तीर्ण होण्याच्या रेषेपासून दोन गुण वर, तेही तोंडीच्या ८ गुणांच्या आधाराने. दुसऱ्या सत्राचा गणिताचा अभ्यासक्रम पहिल्यापेक्षा जड असतो. प्रगतिपत्रकावर मात्र ब-२, आणि पालकसभेत वडिलांना सांगितलेलं वाक्य, "मुलगी चांगली आहे, काळजी नको." वडील समाधानाने घरी गेले होते. बाईंना जी काळजी होती ती त्या कागदात कुठेच उतरलेली नव्हती.

उत्तरपत्रिका उघडल्यावर

बाईंनी संकलित-१ च्या, म्हणजे पहिल्या सत्राच्या, उत्तरपत्रिका जपून ठेवल्या होत्या, हे नशीब. बऱ्याच शाळांत गुण चॅटबॉटवर भरून झाले की गठ्ठा माळ्यावर जातो. त्या वर्षी तिसरी ते आठवीच्या भाषा, गणित आणि इंग्रजीच्या या चाचण्यांचे गुण चॅटबॉटवरून विद्या समीक्षा केंद्राकडे, म्हणजे राज्यातल्या शाळांची माहिती गोळा करणाऱ्या केंद्राकडे, ऑनलाइन जात होते, आणि गुण गेले की काम झालं अशी भावना होते. पण मुलांनी काय केलं आहे ते फक्त त्या गठ्ठ्यातच असतं.

नुसत्या एका चाचणीवर भरवसा नको म्हणून मुलीचे भागाकार तिच्या वहीतूनही वेचून काढले. तीन बरोबर, तीन चूक. बरोबर आलेले:

१८३६ ÷ ४ = ४५९
७३८५ ÷ ५ = १४७७
२९५२ ÷ ८ = ३६९

चुकलेले:

४२१२ ÷ ६ = ७२
३६१८ ÷ ९ = ४२
१५३० ÷ ५ = ३६

सहापैकी तीन म्हणजे निम्मे गुण. वहीतला शेरा, "भागाकाराचा सराव करावा." शेरा वाचला की वाटतं, मुलीला भागाकार अर्धामुर्धा येतो. उत्तरं वाचली की दिसतं, तिला भागाकार जवळजवळ पूर्ण येतो आणि एकच गोष्ट येत नाही. चुकलेल्या तिन्ही उदाहरणांत उत्तराच्या मध्ये शून्य आहे: ७०२, ४०२, ३०६. ते शून्य तिने तिन्ही वेळा गाळलंय. पाढे पक्के, वजाबाकी बरोबर, वरचा अंक खाली घेणंही बरोबर.

तिला फळ्याजवळ बोलावलं आणि ४२१२ ला ६ ने भागायला सांगितलं. ४२ ला सात, खाली एक घेतला, थांबली, लगेच दोन घेतले, बाराला दोन. उत्तर ७२. मी विचारलं, एक घेतल्यावर काय झालं? म्हणाली, "भाग जात नाही ना सर. भाग जात नसला की वर काही लिहायचं नसतं."

हे तिला कुणी शिकवलं? आपणच. ४२१२ च्या सुरुवातीला ४ ला ६ चा भाग जात नाही. तिथे आपण सांगतो, भाग जात नाही, वर काही लिहू नका, दोन अंक घ्या. पहिल्या जागेपुरता तो नियम चालतो, कारण आकड्याच्या डाव्या टोकाला शून्य लिहिलं काय, न लिहिलं काय, किंमत तीच. मुलीने तोच नियम मधल्या जागेला लावला. तिच्या बाजूने पाहिलं तर ती आज्ञाधारकच होती. "सराव करावा" हा शेरा मानून तिने आणखी शंभर उदाहरणं सोडवली असती तरी शंभरपैकी मधल्या शून्याची सगळी चुकली असती, आणि चूक आणखी पक्की झाली असती.

अपूर्णांकांतही तसंच. दोन पंचमांश अधिक एक पंचमांश, उत्तर तीन दशांश. वरच्यांची बेरीज, खालच्यांची बेरीज. पूर्णांकांची बेरीज जशी करतो तशीच. ही चूक पाचवीच्या कोणत्याही वर्गात सापडते, त्यावर फार लिहीत नाही.

मुलाची उत्तरपत्रिका उलट्या तऱ्हेची. उत्तरं बहुतेक बरोबर, रीत जवळजवळ कुठेच नाही. चाळीसपैकी गेलेल्या सहा गुणांतले चार रीत न दाखवल्याबद्दल. आईवडील दिवाळीच्या सुमारास कारखान्याच्या भागात तोडीला गेले की हा आजीकडे राहतो. पहिल्या सत्राच्या शेवटी, निघायच्या धांदलीत, त्याच्या हजेरीला खाडे पडले, स्वाध्यायाची वही अपुरी राहिली. प्रकल्प होता पुठ्ठ्याचे घन आणि इष्टिकाचिती करून आणायचा. मुलीने कॉलेजात शिकणाऱ्या भावाच्या मदतीने घोटीव कागद लावून सुरेख ठोकळे आणले, दहापैकी दहा. मुलाने काड्यापेटीला वहीचा कागद चिकटवून आणला, दोन. खरं तर काड्यापेटी ही चोख इष्टिकाचिती आहे. तिच्या कडा, कोपरे, पृष्ठं मोजायला कुणी सांगितली असती तर त्याने मोजून दाखवली असती, पण गुण सजावटीला गेले.

वहीची बाजू

इथे बाईंना दोष देऊन मोकळं होणं सोपं आहे आणि चुकीचं आहे. हिशेब करू. दोन वर्गांची मिळून ३१ मुलं. कला, कार्यानुभव, शारीरिक शिक्षण धरून सात-आठ विषय. प्रत्येक विषयाला चार साधन-तंत्रं धरली तरी नऊशेच्या वर चौकटी एका सत्राला. त्यात प्रत्येक मुलाच्या वर्णनात्मक नोंदी वेगळ्या: विशेष प्रगती, आवड-छंद, सुधारणा आवश्यक. वर पोषण आहार, ऑनलाइन माहित्या, सर्वेक्षणं, निवडणुकीची कामं. मग सातत्यपूर्ण म्हणून सांगितलेलं मूल्यमापन सत्राच्या शेवटच्या आठवड्यात एका बैठकीत भरलं जातं. तयार नोंदींच्या पीडीएफ शिक्षकांच्या व्हॉट्सॲप गटांवर फिरतात, इयत्तेनुसार, विषयानुसार. त्यातलं वाक्य उचलायचं आणि ठेवायचं. हे सगळ्यांना माहीत आहे, तपासायला येणाऱ्यांनाही. त्यांच्यातल्या अनेकांनी शिक्षक असताना हेच केलं आहे.

मुलीच्या नोंदीत लिहिलं होतं, "गणितातील संबोध स्पष्ट आहेत. स्वाध्याय वेळेत पूर्ण करते." हेच वाक्य त्याच पानावर आणखी चार मुलींपुढे होतं. मुलापुढे होतं, "गृहपाठात सातत्य ठेवावे." तोडीला गेलेल्या आईवडिलांच्या मुलाला सातत्याचा उपदेश!

माझं मत स्पष्ट सांगतो. गोची आकारिक मूल्यमापन असण्यात नाही. मुलीचे ४३ खोटेही नाहीत. ती वर्गात बोलते, गटात इतरांना समजावते, वही नेटकी ठेवते, हे सगळं खरं आहे. पण ते गणित येण्याचे गुण नव्हेत. कष्टाचे, नेटकेपणाचे आणि थोडे तिच्या भावाचे गुण आहेत. मुलाचे २५ हेही त्याच्या गणिताचे नसून त्याच्या घरच्या परिस्थितीचे गुण आहेत. या गोष्टींची नोंद जरूर व्हावी, शब्दांत व्हावी, त्यासाठीच तर वर्णनात्मक नोंदीचा रकाना आहे. त्या गणिताच्या शंभरात मिसळल्या की दोन अगदी वेगळी मुलं एका आकड्यात जाऊन बसतात. जी श्रेणी पाहून उद्या काय शिकवायचं ते ठरत नाही, ती वर्गातल्या शिक्षकाच्या काय कामाची? वर पाठवायला ठीक आहे.

बाईंनी काय केलं

नवी नोंदवही सुरू करा असं सुचवण्याची माझी हिंमत नव्हती. बाईंनीच वाट काढली. फक्त पाचवी, फक्त गणित, १४ मुलं, आठवड्याला एक आखीव फुलस्केप. डावीकडे नावं. वर रकान्यांना "भागाकार", "अपूर्णांक" अशी घटकांची नावं न देता पायऱ्या लिहिल्या: चार अंकी भाज्यात पहिला भाग किती अंकांना लावायचा ते ठरवतो, मधल्या जागी शून्य देतो, शेवटच्या जागी शून्य देतो, बाकी भाजकापेक्षा लहान आहे का ते पाहतो, गुणाकार करून पडताळा घेतो. अपूर्णांकाला तशाच चार पायऱ्या. शुक्रवारी पाच उदाहरणांची चाचणी, त्यात प्रत्येक पायरी निदान एकदा लागेल अशी उदाहरणं. जमलं तर बरोबरची खूण, चुकलं तर मुलाने लिहिलेलं चुकीचं उत्तर जसंच्या तसं चौकटीत उतरवायचं. गुण नाहीत, बेरीज नाही.

चुकीचं उत्तर उतरवण्याची ही कल्पना मला सगळ्यात मोलाची वाटते. फुलीची खूण सांगते की चुकलं. चौकटीत "७२" दिसलं की काय चुकलं तेही दिसतं. दुसऱ्याच आठवड्यात त्या कागदावर मधल्या शून्याच्या रकान्यात पाच मुलांपुढे तशीच उत्तरं उभी राहिली. म्हणजे चूक एकट्या मुलीची नव्हतीच, शिकवण्यातली जागा होती. १४ पैकी पाच जणांचं एकच ठिकाण दिसलं की वेगळा जादा तास लागत नाही, सोमवारचा पहिला तास पुरतो.

त्या तासाला बाईंनी भागाकाराच्या वर ह, श, द, ए असे स्थानांचे मथळे लिहायला लावले आणि एक सवय घातली: भाग लावण्याआधी उत्तर किती अंकी येणार ते बोटांनी दाखवायचं. ४२१२ ला ६ ने भागताना पहिला भाग ४२ शतकांना लागतो, म्हणजे उत्तर शतकापासून सुरू, तीन अंकी. ७२ आलं की जागा रिकामी राहिलेली डोळ्यांना दिसते. मुलीला हे दोन आठवड्यांत जमलं. अपूर्णांकांना वेळ लागला. कागदाच्या पट्ट्या दुमडून समच्छेद बेरीज सुधारली, भिन्नच्छेदाला ती शेवटपर्यंत अडखळत राहिली.

मुलासाठी बाईंनी वेगळंच केलं. त्याच्या पायऱ्यांच्या चौकटी सगळ्या बरोबरच्या खुणांनी भरल्या होत्या, मग त्याच्यावर शुक्रवार कशाला खर्च करायचा? त्याला फळ्यावर उदाहरण सोडवून इतरांना रीत सांगायचं काम दिलं. सुरुवातीला तो उत्तर लिहून जागेवर जाऊन बसायचा. मुलं ओरडायची, "अरे कसं आलं ते सांग की!" तोंडी कामाचे ५ गुण मिळवणारा हा मुलगा फेब्रुवारीच्या अखेरीस लांबलचक बोलत होता असं मुळीच नाही. दोन-तीन वाक्यं बोलायचा. पण वहीत रीत लिहू लागला, कारण फळ्यावर लिहावीच लागायची.

वार्षिक परीक्षा आणि नंतरचं

एप्रिलमध्ये मुलीला गणितात ५० पैकी ३० मिळाले: लेखी २३, तोंडी ७. मुलाला ४१: लेखी ३५, तोंडी ६. भागाकारावरच्या एकाही उदाहरणात मुलीचं शून्य गळलं नाही. गेलेले गुण बहुतेक भिन्नच्छेद अपूर्णांकांत आणि शाब्दिक उदाहरणांत गेले. याचं सगळं श्रेय त्या फुलस्केपला द्यायला मी तयार नाही. वार्षिक परीक्षेच्या धाकाने त्या वर्षी पाचवीकडे सगळ्याच शाळांनी जास्त लक्ष दिलं होतं, आणि १४ मुलांचा वर्ग ही चैन ४५ मुलांच्या शहरी वर्गाला परवडणारी नाही. तिथे पायऱ्यांचा कागद गटागटाने, पाच-सात मुलांचा आळीपाळीने करता येईल असं मला वाटतं, पण ते करून पाहिलेलं नाही.

बाईंचं काम दुप्पट झालं, हेही लिहिलं पाहिजे. अधिकृत नोंदवही तिच्या जागी होतीच, तीही भरावी लागली. भेटीला आलेल्या अधिकाऱ्यांनी तीच मागितली, तीच पाहिली, सही केली. फुलस्केपचे कागद बाईंनी दाखवले तेव्हा "छान उपक्रम आहे" म्हणाले आणि नवोपक्रमाच्या स्पर्धेला पाठवा असं सुचवलं. बाईंनी पाठवलं नाही. चौथीसाठी असा कागद त्यांनी केला नाही. जोडवर्गात दोन्हीकडे पुरे पडणं शक्य नव्हतं, आणि एका विषयापुरतं तरी जे चाललंय ते मोडू नये असं त्यांचं म्हणणं होतं.

एका मुद्द्यावर आमचं अजून जुळलेलं नाही. मी म्हणतो, गणिताच्या आकारिकमधून प्रकल्पाचे १० गुण काढून ते चाचणी आणि तोंडी कामाला द्यावेत, शासन निर्णय शिक्षकाला बरीच मोकळीक देतो. बाईंचं म्हणणं, प्रकल्प काढला तर लेखीत मागे पडणारी मुलं वर्गातून मनाने उठून जातात, त्यांना हातांनी काही करून गुण मिळवण्याची एक तरी जागा हवी. त्यांचा मुद्दा हलका नाही. शेवटी त्यांनी गुण तसेच ठेवले आणि पद्धत बदलली. आता प्रकल्प घरून करून आणायचा नाही, शनिवारी वर्गातच करायचा. पुठ्ठा, कात्री, डिंक शाळेचा. दहापैकी चार गुण वस्तूला आणि सहा त्या वस्तूवर विचारलेल्या प्रश्नांना: कडा किती, कोपरे किती, हा ठोकळा उलगडला तर कागदावर कसा दिसेल. यंदाच्या पाचवीत पहिल्या प्रकल्पाला सगळ्यात जास्त गुण ज्याला मिळाले त्याच्या ठोकळ्याची एक बाजू वाकडी होती.